थोरलीच्या जागेवर

आईने फोनवर ‘थोरले’ म्हणून हाक मारली आणि गोदाने कामाच्या तंद्रीत ओ दिली. ओ देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ही हाक आपली नव्हे. तोवर आई पुढे गेलीसुद्धा होती. “थोरले, येताना मल्ली घेऊन ये. चार मुळम पुरे. ताटात ठेवाया हवी. रघुच्या घरचे पाचाला येऊलेत.” एवढं बोलून तिने फोन ठेवला. समोरच्या पडद्यावर संगणकाचं यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायच्या बेतात होतं, सगळं काळंभोर, आणि त्या काळ्यात गोदाला आपला चेहरा दिसत होता. अंबत्तूरचा कारखाना रविवारचा गप्प पडलेला. एरवी भिंतीपलीकडून प्रेस धाडधाड वाजत असतात, आज फक्त एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं. हाकेचा राग यायला वेळ लागला नाही. मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, चार हात माळेचा अर्थ कळायला मात्र वेळ लागला. फुलं ताटात, ताट रघुच्या आईच्या हातात, तिचं ताट आपल्या आईच्या हातात. मुलगी दिली, आम्ही घेतली, असं पक्कं करताना दोन्ही घरांनी पानसुपारीची ताटं पालटायची. तेच ताट. म्हणजे आज संध्याकाळी गोदाचं लग्न ठरणार होतं, तेही तिच्या बहिणीच्या नवऱ्याशी, आणि त्या ताटातली फुलं गोदानेच जाता जाता विकत आणायची होती.

थोरली म्हणजे अक्का. त्यांच्या घरात मुलींची नावं शाळेपुरती असायची. तंजावरहून आजोबांच्या वेळी मद्रासला आलेलं हे मराठी घर, पेरंबूरच्या एका गल्लीत रुजलेलं, आणि घरात दोन मुली, एक थोरली, एक धाकटी. अक्काचं खरं नाव त्रिपुरसुंदरी. एवढं लांब नाव कुणाच्या तोंडात मावायचं नाही. शाळेतल्या बाई नुसतं सुंदरी म्हणायच्या, नवरा ‘इकडे बघ’ म्हणायचा, आणि आई थोरले. मागच्या वर्षीच्या मार्गशीर्षात अक्का इडलीचं पीठ वाटत असताना ग्राइंडरपाशी कोसळली. मेंदूत रक्त साकळलं होतं. ग्राइंडर फिरतच राहिला. शेजारच्या मामींनी येऊन आधी तो बंद केला, मग आरडाओरडा केला. गोदाला त्या मामींचा राग आला होता, आधी ग्राइंडर का बंद केलास म्हणून. मग डॉक्टरांचा आला, मग रघुभावोजींचा, कारण ते तेव्हा बँकेत होते. माणूस मेल्यावर राग कुणाकुणावर काढायचा याला काही धरबंध राहत नाही, आणि गोदाच्या तर जन्मापासून नाकावर राग.

वर्षश्राद्ध होऊन महिनासुद्धा झाला नव्हता. पण या वर्षभरात काय काय होत गेलं ते आता तिला एकाएकी दिसायला लागलं, आणि आपण इतक्या मठ्ठ कशा, याचा संताप आला. आधी कीर्तनाची वेणी. अक्काची पोर सहा वर्षांची, सकाळी वेणी कोण घालणार, तर गोदा. रघुभावोजी पोरीला घेऊन बाजूच्याच रस्त्यावर राहतात, मग काय अडचण. मग शाळेची मीटिंग. मग पोरीचा ताप, आणि एरवी चित्ती, म्हणजे मावशी, म्हणणाऱ्या तिने तापात गोदाला दोनदा अम्मा म्हटलं, तेव्हा आई डोळे पुसून हसली होती. मग जेवायला बसताना स्वयंपाकघराच्या दाराजवळची जागा, जिथे अक्का माहेरी आली की बसायची, म्हणजे उठून वाढता येतं. एक दिवस तिथे गोदाचं ताट मांडलेलं होतं. गोदा बसली. तिने विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. इथे कुणी काही मागितलंच नव्हतं. तिला नुसती बोटभर बोटभर सरकवत नेली होती, आणि आज सकाळी सरकत सरकत ती थेट हाकेपर्यंत पोचली होती.

पडद्यावर अक्षरं उमटली. यंत्र पुन्हा सुरू झालं होतं आणि तक्रार करत होतं की ‘बी’ डिस्क सापडत नाही. गोदाने एक शिवी हासडली, तमिळमध्ये. रागवायला तिला तमिळ सोपं पडायचं. कारखाना मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या करायचा, आणि त्याचे संगणक गोदा सांभाळायची. आजवरच्या सगळ्या बिजागऱ्यांची ड्रॉइंग्ज या यंत्रातल्या एका डिस्कवर होती, तिला सगळे ‘ए’ म्हणायचे. दर रविवारी तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर व्हायची, ती ‘बी’. ही नावं काही डिस्कच्या अंगावर कोरलेली नसतात. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम एकेका डिस्कला हाक मारतो, आणि जी आधी ओ देईल तिला ‘ए’ म्हणतो, नंतरचीला ‘बी’. जुना ड्रायव्हर शिस्तीचा होता, वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत क्रमाने हाका मारायचा, म्हणून इतकी वर्षं वरची ती ‘ए’च राहिली. आज ऑपरेटिंग सिस्टीम नवी घातली, तिच्याबरोबर ड्रायव्हर नवा आला, आणि त्याला खणांशी काही देणंघेणं नव्हतं. ओ देईल तिचं नाव.

“काय म्हणतंय?” असं म्हणत अनय आत आला. अनय तिचा साहेब, पुण्याचा, तिच्यापेक्षा वयाने लहान. अपग्रेडच्या दिवशी यावं लागतं म्हणून आला होता, पण अंगात क्रिकेटचा टीशर्ट होता आणि हातात गाडीची किल्ली सारखी खुळखुळत होती. त्याला गोदाचं मराठी ऐकायला फार गंमत वाटायची. पहिल्या दिवशीच म्हणाला होता, तुमचं मराठी एकदम ऐतिहासिक नाटकातलं वाटतं हो. तेव्हापासून गोदा त्याच्याशी कामापुरतं बोलायची.

“बी दिसना,” ती म्हणाली.

“बी म्हणजे बॅकअपच ना? मग सुटलो. जुनी झाली होती, मेली असेल. ए आहे ना जागेवर?”

“ए म्हणून एक आहे.”

“आहे ना? मग झालं तर. एकदा रीस्टार्ट करून बघा, नाहीतर उद्या नवीन डिस्क टाकू.”

तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. या खेपेला थोडं थांबून, नावं सगळी देऊन झाल्यावर, ‘बी’ उगवली. अनय खूश झाला. “बघा! पण आता भरवसा नको ठेवायला हिच्यावर. बी पुसून टाका, कोरी करा, आणि ए वरून ताजी नक्कल मारा. म्हणजे मी निघतो.”

गोदाची बोटं कीबोर्डवर गेलीसुद्धा. पुसून टाकायची आज्ञा एका ओळीची असते, तिला डोळे मिटून लिहिता आली असती, आणि आत्ता काहीतरी पुसून टाकावं असं तिला फार वाटत होतं. ताट, मल्ली, पाच वाजणं, ती हाक. ओळ लिहून झाली. फक्त एंटर दाबायचं राहिलं होतं. आणि तेवढ्यात तिला पुन्हा आईचा आवाज ऐकू आला, थोरले, आणि आपणच दिलेली ओ. ज्याने ओ दिली त्याचं नाव. तिने हात कीबोर्डवरून काढला.

“थांबा,” ती म्हणाली. तिने ‘ए’ उघडून पाहिली. डिझाइनच्या विद्युलताने आठवडाभर खपून नव्या बिजागरीचं ड्रॉइंग केलं होतं, शुक्रवारी संध्याकाळी चेहरा ओढलेला असतानाही तिने ते गोदाला कौतुकाने दाखवलं होतं. ‘ए’मध्ये ते नव्हतं. त्यात मागच्या रविवारनंतरचं काहीच नव्हतं. तिने ‘बी’ उघडली. नवी बिजागरी तिथे होती, अर्धगोल, खाचेसकट, शुक्रवारची.

वरच्या खणातली मूळ डिस्क मेलेली नव्हतीच. ती फक्त सावकाश ओ देत होती. तिला उशीर झाला, तेवढ्यात नक्कल पुढे सरकून ‘ए’ झाली. आणि यंत्र तर सांगत होतं की बी गेली. सांगणारच. पहिली नाहीशी झाली तरी ‘पहिली गेली’ असं ते कधीच म्हणणार नव्हतं. पहिल्या जागेवर कुणी ना कुणी बसतंच, आणि गळते ती कायम शेवटची. यंत्राच्या लेखी मरते ती नेहमी धाकटीच. गोदाला हे कळलं आणि तळपायाची आग मस्तकाला गेली. घरात थोरली आहे. सकाळीच तिने फोनवर ओ दिली, येताना ती मल्ली आणणार आहे, संध्याकाळी रघुचं ताट तिच्याचसाठी येणार आहे. मग वर्षापूर्वी त्या घरातून उचलून नेली ती कोण? कुणाचं वर्षश्राद्ध घातलं? थोरली जागेवर आहे तर मेली ती मी.

“काय झालं? दाबा ना एंटर,” अनय किल्ली खुळखुळवत म्हणाला.

“ही मूळ आहे. तुम्ही बी म्हणूलात ती.”

“कसं शक्य आहे? बी म्हणजे बॅकअप.”

“नाव पालटलं आहे तिचं.”

“मग सेटिंगच्या फाइलमध्ये नावं उलटी करा की! ए चं बी, बी चं ए. दोन मिनिटांचं काम, आणि तुम्ही अर्धा तास—”

“उद्या वीज गेली आणि दुसरी आधी उठली तर?” गोदा ओरडली. तिला स्वतःलाच आवाज परका वाटला. “पुन्हा उलटी करायची? रोज उठून बघायचं आज कोण कुणाच्या जागेवर बसली आहे म्हणून? आणि एका रविवारी नक्कल मुळावर चढली तर विद्युलताला काय सांगू, मेली ती चुकीची मेली?”

कामावर कधी आवाज न चढवणारी बाई, आणि डोळ्यांत पाणी, तेही डिस्कसाठी. अनयला वाटलं असावं की हिला बरं नाही. “ओके, ओके,” तो म्हणाला, “तुम्हांला हवं तसं करा. सोमवारी एक मेल टाका मला, काय केलं ते.” त्याने किल्ली खिशात घातली आणि निघून गेला. चुकलो, असं म्हणाला नाही. पुण्याच्या माणसाकडून तशी अपेक्षा करायची नसते, असं गोदाने मनात एक कुजकं वाक्य म्हणून घेतलं आणि तिला थोडं बरं वाटलं.

मग तिने ते काम केलं. प्रत्येक डिस्कच्या पोटात तिचा असा एक लांबलचक क्रमांक लिहिलेला असतो, आकडे नि अक्षरं मिसळलेली, कुणाच्या तोंडात मावू नयेत अशी. डिस्क कुठल्याही खणात घाला, आधी ओ देवो की मागून, तो बदलत नाही. कुठली मूळ नि कुठली नक्कल हे यंत्राला सांगणाऱ्या फाइलमधल्या ‘ए’ आणि ‘बी’ खोडून तिने ते क्रमांक एकेक अक्षर ताडून लिहिले. तीन वेळा यंत्र बंद करून चालू केलं. दर वेळी ए-बीचा गोंधळ झाला, आणि दर वेळी ड्रॉइंग्ज आपल्या जागी, नक्कल आपल्या जागी. हे आपण कितीतरी वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. पण चालतंय तोवर कोण हात लावतो? ए म्हटलं की ती ओ देतेय ना, मग पुरे. खरा क्रमांक लिहायचा म्हणजे टंकायला त्रास. त्रिपुरसुंदरी म्हणायलाही त्रासच होता. राग निवला नव्हता, उलट आता त्याला बसायला घट्ट जागा मिळाली होती.

स्कूटर घेऊन ती निघाली. पाडीच्या पुलाखाली फुलवाली बसली होती, ओळखीची. तिने न विचारताच मल्लीची माळ कोपरापासून बोटांपर्यंत ताणून एक मुळम मोजला, दुसरा मोजला. गोदा स्कूटरवर बसूनच त्या हाताकडे बघत राहिली. मग मान हलवून पुढे गेली. मागून फुलवालीने तिचा उद्धार केला, आणि तो वाजवीच होता.

घरात सगळे जमले होते. रघुभावोजींची आई तुळसीबाई सोफ्यावर, मांडीवर ताट, ताटात नारळ, केळी, हळदीची गाठ, पानं. रघुभावोजी खिडकीजवळच्या खुर्चीत, फोनमध्ये डोकं घालून. कीर्तना फरशीवर पालथी पडून रंगवत होती. आई, अन्नपूर्णाबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि तिच्या हातात अक्काची मोहरीच्या रंगाची रेशमी साडी होती.

“आलीस की थोरले? तोंड धू, आणि ही नेस. फुलं कोठं?”

“आणली नाहीत.”

“का गे? सांगट्लं होतं की.”

“कुणाला सांगट्लं होतं?” गोदाने विचारलं. “थोरलीला ना? थोरली नाही. ती मेली. तिचं नाव त्रिपुरसुंदरी. मी गोदा आहे. मला कुणी काही सांगट्लं नाही, कुणी विचारट्लं नाही.”

तुळसीबाईंनी ताट मांडीवर सावरलं. त्या वाईट बाई नव्हत्या, म्हणून तर त्यांचं ऐकून घेणं जास्त अवघड. “रागावू नकोस बाळ,” त्या म्हणाल्या. “पोरीकडे बघून करूलों हे. परकी कुणी आणली आणि तिने पोरीला नीट पाहिलं नाही तर? तुझ्यावर जीव आहे तिचा. पोरीला आई हवी.”

“तिला चित्ती आहे,” गोदा म्हणाली. “मला तिची आई केलीत तर तिची चित्ती जाईल. आधीच आई गेली आहे तिची. अजून किती माणसं कमी करणार?” मग ती खिडकीकडे वळली. सगळ्यांत जास्त राग तिला त्या वाकलेल्या मानेचा आला होता. “भावोजी, तुम्ही तरी बोला. दहा वर्षं संसार केलात तिच्याशी. मी तिच्यासारखी दिसते? तिच्यासारखी हसते? की घरात एक बाई हवी, उंचीला बसेल अशी?”

रघुभावोजींनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल होते, आणि फोनवर, गोदाला आता दिसलं, अक्काचा फोटो होता. “मलाही कुणी विचारट्लं नाही, गोदा,” ते म्हणाले. मग उठून त्यांनी आईच्या मांडीवरचं ताट उचललं, हलक्या हाताने. “चल अम्मा. हे नको.” तुळसीबाई पुटपुटत उठल्या. कीर्तनाला रघुभावोजींनी हाक मारली नाही. आज ती इथेच जेवेल, हे त्यांना नि गोदाला बोलल्यावाचून कळलं. दार लागलं.

कीर्तनाने रंगवणं थांबवलं होतं. “चित्ती,” तिने आजीकडे बोट दाखवत विचारलं, “थोरली अम्माचं नाव होतं ना? मग पाट्टी तुला का म्हणते?”

या घरातल्या मोठ्या माणसांपैकी एकानेही जे सरळ विचारलं नव्हतं, ते पोरीने खडू हातात धरून विचारलं. गोदा खाली बसली. “ते तिचं नाव नव्हतं,” ती म्हणाली. “तिचं नाव त्रिपुरसुंदरी. म्हण.” पोरीने म्हणून पाहिलं, त्रिपुरात अडखळली, पुन्हा म्हणाली, मग तिला त्या नावाची चव लागली आणि मोठमोठ्याने, ताल धरून, तेच तेच म्हणत सुटली. हे नाव या भिंतींनी इतक्या वेळा कधी ऐकलंच नव्हतं. आई साडी छातीशी धरून स्वयंपाकघरात निघून गेली.

गोदा तिच्यामागे गेली ती भांडायलाच. तोंडात वाक्यं तयार होती, धारदार, दिवसभर घासलेली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. न वळताच ती बोलली. “अडतीस वर्षं जिभेवर होती गे ती हाक. ती गेल्यावरही जीभ थांबना. आत इथे कुणी नसताना मारत होतें. कुणी ओ द्यायचं नाही.” तिने साडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “आज सकाळी चुकून तुझ्याशी फोनवर तोंडातून गेली. आणि तू ओ दिलीस. मला वाटलं, आली.”

राग कुठे गेला नव्हता, छातीत होता तसाच होता, फक्त आता तो कुणावर ठेवावा ते तिला कळेना. बाहेर पोर अजून आईचं नाव गात होती. आईने साडी खुंटीला लावली. कुकरचं झाकण काढलं, भातात डाव घातला. मग तिने मान वळवून गोदाकडे पाहिलं, आज पहिल्यांदाच नीट.

“धाकटे,” ती शेवटी म्हणाली.

दिवसभर जो शब्द हवा म्हणून गोदा भांडत होती तो तिला मिळाला. आणि तो कानावर पडताच तिला कळलं की अक्का आत्ता गेली, या ओट्यापाशी, आईच्या तोंडातून, आणि आता ती या घरात परत येणार नाही.

“ओ,” गोदा म्हणाली, आणि दाराजवळची जागा मोकळी ठेवून तिने तिघींची ताटं मांडली.